एकेचाळीस खुणा

६ जानेवारी

मामा,

तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही आणि मामीला बोलताना धाप लागते, म्हणून पत्र.

आमच्या प्रयोगशाळेतले विभागप्रमुख महिनाअखेर निवृत्त होत आहेत. ते पाइप ओढतात. त्यांना लायटर द्यायचा ठरला आणि निवडायचं काम माझ्याकडे आलं, कारण माझे मामा लायटर जमवतात हे मी कधीतरी बोलून गेले होते. दुकानात तीन प्रकार पाहिले. एकाची ज्योत सरळ वर जाते, दुसऱ्याची बाजूला वाकते, तिसऱ्याची निळी आहे आणि फुसफुसते. दुकानदार म्हणाला तिसराच घ्या, वाऱ्यात विझत नाही. त्याला विकायची घाई होती. मी दिवसभर गॅसच्या व्हॉल्व्हची गळती मोजते, पण पाइप कशाने पेटवावा हे त्यातून कळत नाही.

कोणता घ्यावा आणि का, एवढं कळवा.

मामी दवाखान्यातून घरी आल्याचं आईकडून कळलं. ऑक्सिजनचं मशीन कोणत्या खोलीत ठेवलं आहे?

तुमची भाची

१३ जानेवारी

मोजपट्टीबाई,

दोन वर्षांनी पत्र, आणि तेही चौकशी अर्जासारखं. वर नमस्कार नाही, खाली लोभ नाही. चार वर्षं आमच्या घरी राहून शाळा शिकलीस, तेवढ्यात आम्ही तुला एक पत्र लिहायला शिकवू शकलो नाही, ही चूक आमचीच.

आता कामाचं. त्या दुकानदाराला सांग, ते निळं फुसफुसणारं सिगारवाल्याला विक. सिगारचं तोंड रुंद असतं, ते सगळीकडून सारखं पेटावं लागतं, आणि ज्योत टेकवायची नसते, लांबून शेकायचं असतं. तिथे ती निळी कामाची. पाइपवर धरलीस तर तंबाखू राहील बाजूला आणि लाकडाच्या काठाचा कोळसा होईल. पाइपला मऊ पिवळी ज्योत हवी, आणि तीही बाजूला वाकणारी, म्हणजे लायटर आडवा धरला तरी अंगठा भाजत नाही. पेट्रोलचा अजिबात नको. पहिल्या चार झुरक्यांना तंबाखूऐवजी गॅरेजची चव येते.

मला एवढंच कळव, साहेबांचा पाइप सरळ की वाकडा? वाडगा खोल की उथळ? हे माहीत नसताना लायटर निवडणं म्हणजे पाय न बघता चप्पल घेणं. तरी वेळ थोडा आहे म्हणून माझ्याच कपाटातला एक पाठवतोय, बाजूला वाकणाऱ्या ज्योतीचा. रबरी वॉशर नवीन घातलाय. घड्याळं दुरुस्त करायची सोडली तरी बोटं विसरलेली नाहीत.

आणि तुझ्या मामीने तो कानाला लावून पास केलाय. आमची पद्धत तुला आठवत असेल. जुन्या बाजारात मी लायटर डोळ्यांनी बघायचो आणि तिच्या हातात द्यायचो. ती कानाशी धरायची. 'ठेवा' म्हणाली की घ्यायचा, 'गळतो' म्हणाली की परत. मला तरुणपणापासून बारीक आवाज ऐकू येत नाहीत, त्यामुळे गॅस गळतोय का ते मी सांगूच शकत नाही. हा गेल्यावर कपाटात उरलेल्या त्रेसष्टांपैकीही एकही तिच्या कानाखालून गेल्याशिवाय आत आलेला नाही.

मशीन झोपायच्या खोलीत आहे. कपाटही तिथेच, जिथे होतं तिथे. पाइप मी सोडला. डॉक्टरांसमोर शपथ घेतली.

मामा

२० जानेवारी

मामा,

लायटर मिळाला. प्रयोगशाळेत दोन दिवस ठेवून वजन केलं. गळती शून्य. मामीचा निकाल बरोबर आहे.

माझा प्रश्न वेगळा आहे. मामीकडे आहे तशी मशीनं आमच्याकडे तपासणीला येतात. त्यांचा आवाज जुन्या फ्रिजइतका असतो आणि दर काही सेकंदांनी एक ठोका पडतो. त्या आवाजात लायटरची बारीक गळती कोणालाही ऐकू येणार नाही, मामीलाही नाही. म्हणजे दोनपैकी एक गोष्ट झाली. एक तर तिने ऐकावं म्हणून मशीन बंद केलं, किंवा तिने नाकात नळी असताना गॅस भरलेला लायटर कानाशी धरला.

डॉक्टरांच्या कागदावर काय आहे ते आईने मला वाचून दाखवलं. मशीन दिवसरात्र चालू ठेवायचं. दहा मिनिटांपेक्षा जास्त बंद ठेवायचं नाही.

दुसरी गोष्ट त्याहून वाईट. ऑक्सिजन स्वतः पेटत नाही, पण त्याच्या आसपासचं सगळं पेटायला तयार होतं. शाल, उशी, केस यांत तो मुरतो आणि नळी काढल्यावरही काही मिनिटं राहतो. तिथे लायटरच्या चाकाची एक ठिणगी पुरते. मी अशा एका खोलीचे फोटो पाहिले आहेत. त्यांचं वर्णन करत नाही.

त्या दिवशी नेमकं काय केलंत ते लिहा. तुमच्या पत्राला तंबाखूचा वास आहे, त्याचंही कारण लिहा.

तुमची भाची

२५ जानेवारी

बाई गं,

पत्र वाचलं. हातकड्या कधी घालायला येतेस?

मशीन बंद केलं होतं. पाच मिनिटं. मी करत नव्हतो, तीच म्हणाली, आणा इकडे. दवाखान्यातून आल्यापासून ती समोरच्या भिंतीकडे बघत बसते. जेवणाचं ताट मी वाढतो, कपडे बाई धुते, भाजी शेजारच्या वहिनी आणतात. कोणी काही करू देत नाही. त्या दिवशी लायटर हातात घेतला, डोळे मिटले, आणि 'ठेवा' म्हणाली ते अगदी जुन्या आवाजात. वर मला म्हणाली, वॉशर बसवताना हात थरथरला ना तुमचा? खरंच थरथरला होता. आम्ही दोघं हसलो. तुझ्या अहवालात हसण्याला रकाना असेल तर तेवढं मांड.

कागदाला वास येतो कारण ही वही तंबाखूच्या जुन्या डब्याच्या खणात पडली होती. संपलं.

कपाट हलणार नाही. बत्तीस वर्षं आहेत त्यात, माझी आणि तिची. आणि साहेबांचा पाइप सरळ की वाकडा, ते तू अजून सांगितलं नाहीस.

मामा

२९ जानेवारी

मामा,

वाद घालायला मला वेळ नाही आणि मामीकडे तो नाही.

खाली लिहिलेलं सगळं एकाच दिवसात करा, कोरड्या हवेत, दुपारी. त्रेसष्टही लायटर गॅलरीत न्या आणि गॅलरीचं काचेचं दार लावून घ्या. इथून पुढे लायटर आणि मशीन एका खोलीत एक मिनिटही असता कामा नयेत. पेट्रोलच्या लायटरांमधला कापूस उपसून उन्हात पसरा. गॅसच्या लायटरांना तळाशी भरायची पिन असते ती तुम्हाला माहीत आहे; बारीक पेचकसाने दाबून धरा, गॅस संपेपर्यंत. एकही पेटवून बघायचा नाही. गॅसच्या प्रत्येक लायटरला क्रमांक द्या, यादी करा. प्रत्येक लायटर पूर्ण रिकामा झाल्याची खात्री करा आणि मगच त्याच्यापुढे खूण करा. खूण केल्याशिवाय पुढचा हातात घ्यायचा नाही. यादी मला पाठवा.

हे झालं नाही तर मशीन देणाऱ्या दवाखान्याला मी कळवेन, आणि ते मशीन परत नेतील. मी हे करेन की नाही, याचा अंदाज तुम्हाला आहे.

साहेबांना विचारून सांगते.

तुमची भाची

५ फेब्रुवारी

हुकूमशहा मोजपट्टी यांना,

झालं एकदाचं. तुझा शब्द न् शब्द पाळलाय, एक कानामात्रा इकडची तिकडे नाही. काल दुपारी गॅलरीत टेबल टाकलं, वर जुनी चादर. दार लावून घेतलं. पेट्रोलचे बावीस निघाले, त्यांचा कापूस कठड्यावर वाळत घातला, समोरच्या इमारतीतल्या बाई विचारत होत्या कोणाचे कान पुसले म्हणून. गॅसचे एकेचाळीस. गॅस निघून जाताना लायटर बर्फासारखा गार पडतो, माझी बोटं बधिर झाली. मशीनजवळ एकही लायटर गेला नाही आणि लायटरजवळ मशीन आलं नाही. खात्री केल्याशिवाय एकही खूण नाही. यादी सोबत आहे, चष्मा लावून बघ.

रिकामं कपाट बघवत नाही. दारं लावून ठेवलीत.

तुझी मामी जरा दमली, पण खुशीत आहे. काल संध्याकाळपासून झोपूनच आहे. इतकी गाढ झोप तिला कित्येक महिन्यांत लागली नव्हती, म्हणून उठवत नाही.

आता तरी दवाखान्याला कळवू नकोस.

मामा

८ फेब्रुवारी

मामा,

यादी आत्ता मिळाली. फोन सहा वेळा केला, प्रत्येक वेळी वाजून वाजून बंद पडला. वहिनींचा नंबर माझ्याकडे नाही, आईकडेही नाही. कुरिअरवाला हे पत्र उद्या सकाळी सहाला दारात आणून देईल. मी निघते आहे, पण माझी गाडी दुपारी पोहोचते, म्हणून हे लिहिलं.

मामीला आत्ता उठवा. ती उठत नसेल, असंबद्ध बोलत असेल, ओठ किंवा नखं निळसर दिसत असतील, तर शेजारच्या वहिनींना रुग्णवाहिका बोलवायला सांगा. मशीनचा आकडा स्वतः वाढवू नका. ती झोप चांगली नाही.

यादीतल्या पहिल्या तीस खुणा तुमच्या नाहीत. तुम्ही खूण करता तेव्हा पेन खाली दाबून वर ओढता. या खुणा मामीच्या आहेत. एक ते सतरा सरळ, एकाच उंचीच्या. अठरापासून उजवीकडे कलतात. चोविसावी रकान्याबाहेर गेली आहे. एकोणतिसावी क्रमांकावरच ओढली आहे. तिसावी नुसता ठिपका आहे. पुढच्या अकरा तुमच्या.

ती नळी काढून तुमच्याबरोबर गॅलरीत बसली होती. एका लायटरला दोन मिनिटं धरली तर तो ठिपका एका तासाने पडला आहे.

उठवा तिला.

२१ फेब्रुवारी

पोरी,

ती काल घरी आली. झोपली आहे, मी शेजारी बसून लिहितोय आणि दर पाच मिनिटांनी तिला हलवून उठवतोय. आत्ताच म्हणाली, झोपू द्या हो, मरत नाहीये मी.

त्या सकाळी कुरिअरवाल्याने दार वाजवलं असणार. मला कुठलं ऐकू येतंय. पाकीट त्याने दाराखालून सरकवलं, ते मी दूध घ्यायला दार उघडलं तेव्हा पायाखाली आलं. वाचलं. चार दिवस ती दोन घास खाऊन पुन्हा झोपत होती आणि मी त्याला आराम समजत होतो. हिला हलवलं तर डोळे उघडून मला म्हणाली, दादा, गाडी चुकेल. तिचा दादा जाऊन वीस वर्षं झाली. नखं बघितली. वहिनींकडे अनवाणी पळालो.

तू आलीस तेव्हा आम्ही दवाखान्यातच होतो. सहा दिवस तू तिथे खुर्चीवर बसून काढलेस आणि माझ्याशी मोजून बारा वाक्यं बोललीस. बाराही औषधांबद्दल. घरी आलीस ते मशीन तपासायला. नळी पाहिलीस, प्लग पाहिलास, गॅलरीच्या दारापाशी वाकून काय करत होतीस देव जाणे. कपाटासमोर उभी राहिलीस, उघडलं नाहीस. जाताना तिच्या केसांवरून हात फिरवलास. माझ्याकडे बघितलंही नाहीस.

ते मला लागलं. पण मी ते म्हणायला लिहीत नाहीये.

गॅलरीत तिला मीच धरून नेलं. तू लिहिलं होतंस, मशीन आणि लायटर एकत्र नकोत. मशीन आत राहिलं. तू लिहिलं होतंस, खात्री करा. माझ्याकडे खात्री करायला तिचा कान सोडून दुसरं काय आहे? विसाव्याला मी तिला म्हटलं, पुरे आता. ती म्हणाली, पोरीने यादी मागितली आहे, अर्धी कशी पाठवायची. तिसाव्याला पेन तिच्या हातातून गळालं. तिला आत नेऊन नळी लावली, आणि राहिलेल्या अकरांवर मी न ऐकताच खुणा केल्या. त्या खोट्या आहेत. तुला खोटी यादी पाठवली.

एकच विचारतो. मी तिला मारली असती का? हो की नाही, एवढंच लिही. तुला लांबण लावता येत नाही हे बरं आहे.

मामा

२६ फेब्रुवारी

मामा,

नाही.

मी मारली असती. 'खात्री करा' असं मी लिहिलं. कशी करायची ते लिहिलं नाही. तुम्हाला ऐकू येत नाही हे मला माहीत होतं, त्याच कारणाने मी पत्र लिहीत होते. तुमच्या घरात खात्री करायचं एकच साधन आहे हेही माहीत होतं. पहिल्याच पत्रात तुम्ही ते लिहिलं होतं. दोन सूचना एकत्र वाचल्या तर त्यांचा अर्थ 'मामीला मशीनपासून दूर न्या आणि एकेचाळीस वेळा ऐकायला लावा' असा होतो. मी त्या एकत्र वाचल्या नाहीत. प्रयोगशाळेत असा कागद कोणी माझ्यापुढे ठेवला असता तर मी सही केली नसती.

दवाखान्यात मी बोलले नाही कारण बोलले असते तर हेच बोलावं लागलं असतं, आणि मामी ऐकत होती.

उरलेले अकरा लायटर गॅलरीत आहेत तिथेच राहू द्या. सोबत काचेची बरणी पाठवते. तिच्यात पाणी भरा, लायटर बुडवून पिन दाबा. बुडबुडे आले तर गॅस आहे, नाही आले तर रिकामा. हे डोळ्यांनी दिसतं. बरणी गॅलरीत, तुम्ही गॅलरीत, मामी आत, नळी नाकात. कानाची गरज उरत नाही.

तुमची भाची

६ मार्च

मोजपट्टे,

मी लिहितेय. सावकाश. दोन ओळी, मग श्वास, मग दोन ओळी. तेव्हा मध्येच शाई बदललेली दिसली तर कारण शोधत बसू नकोस.

बरणी चांगली आहे. तिच्यात चमचे ठेवलेत.

ह्यांनी तुझं पत्र मला तीनदा वाचून दाखवलं. 'नाही' हा शब्द तर मोठ्याने. मग स्वयंपाकघरात जाऊन नाक शिंकरत होते. तेवढ्याबद्दल तुला शाबासकी.

आता भांडते. गॅलरीत मला कोणी नेलं नाही. मी गेले. दवाखान्यात त्यांनी माझ्या बांगड्या काढल्या, केस कापले, जिना बंद केला, स्वयंपाक बंद केला. सगळं माझ्या भल्यासाठी. आता तू बरणी पाठवतेस, तीही माझ्या भल्यासाठी. ह्यांना डोळ्यांनी बुडबुडे दिसले की मग मी कशाला? भिंतीला टेकवून ठेवायला? कानाची गरज उरत नाही, असं लिहिलंस. ते वाक्य तू मोजून लिहिलं असशील. मला फार लागलं.

मला जगायचं आहे गं. त्या दिवशी घाबरले मी, दादा दिसायला लागला तेव्हा. पुन्हा नळी काढणार नाही, शब्द देते. पण माझा कान काढून घेऊ नकोस.

आणखी एक. तुझे साहेब पाइप ओढत नाहीत. मला तेव्हाच कळलं. ह्यांनी दोनदा विचारलं, पाइप सरळ की वाकडा, आणि तू सांगितलं नाहीस. तुला नळाच्या थेंबाचं वजन तोंडपाठ असतं, आणि समोर बसणाऱ्या माणसाचा पाइप दिसत नाही? पत्र हवं होतं, तर पत्र पाठवा म्हणायचं होतंस. लायटरचं निमित्त कशाला?

दमले.

मामी

१४ मार्च

मामी,

साहेब पाइप ओढत नाहीत. निवृत्तही होत नाहीत, ते माझ्याहून सहा वर्षांनीच मोठे आहेत. लायटर माझ्या टेबलाच्या खणात आहे. आईने सांगितलं की तू घरी आलीस आणि दिवसभर गप्प असतेस. मला सरळ लिहिता आलं नाही. दोन वर्षं लिहिलं नव्हतं, मग काय म्हणून लिहायचं, ते सुचेना. लायटरचं विचारलं की तुम्ही दोघंही उत्तर द्याल, एवढं माहीत होतं. त्या निमित्तासाठीच तू पहिल्यांदा मशीन बंद केलंस. हे मी रोज एकदा मनात म्हणते.

लहानपणी बाजारात तू माझ्याही कानाशी लायटर धरायचीस. ऐक, म्हणायचीस, मुंगी चालल्यासारखं वाजतं. मला ते ऐकू आलं तेव्हा मी नऊ वर्षांची होते. आज मी त्याच कामाचा पगार घेते.

बरणीत चमचे राहू देत. सोबत स्टेथोस्कोप पाठवते. त्याची नळी मी बदलली आहे, ती चार मीटर लांब आहे. इतक्या लांबीत बारीक आवाज बराच कमी होतो. मी मोजला, तरी शांत कानाला ऐकू येतो. तुझ्या कानाला येईल. कानात घट्ट बसतो, त्यामुळे मशीनचा आवाज बाहेर राहतो. चकतीचं तोंड पडद्याने बंद आहे, नळीतून गॅस आत येणार नाही. मामांनी गॅलरीत बसायचं, दार लावलेलं. लायटरच्या तळाशी चकती धरायची आणि पिन दाबायची. तू पलंगावर, मशीन चालू, नाकात नळी. स्टेथोस्कोपची नळी गॅलरीच्या दाराखालून जाईल. तिथली फट अकरा मिलिमीटर आहे आणि ही नळी नऊ. आले होते तेव्हा मोजली होती. का मोजली ते तेव्हा माहीत नव्हतं.

एका दिवसात चारच ऐकायचे. पाचवा नाही. याबाबतीत मी ऐकणार नाही.

मोजपट्टी

२५ मार्च

मोजपट्टे,

ह्यांना बाहेर पाठवलंय म्हणून मी लिहितेय. कुठे, ते सांगते. क्रमाने.

पहिल्या दिवशी चार. ह्यांनी काचेतून माझ्याकडे बघायचं, मी हात वर केला की रिकामा, हाताने बाजूला सारलं की गळतो. बाजारात करायचो तसंच. पहिले तीन रिकामे. चौथ्यात मुंगी होती. ह्यांची खोटी खूण पकडली गेली. काचेपलीकडे कान पकडून उभे राहिले. मी हसले आणि खोकला आला, पण नळी जागच्या जागी होती. वहिनी साक्षीला आहेत.

तिसऱ्या दिवशी अकरा संपले. अकरांपैकी दोघांत गॅस निघाला, दोन्ही रिकामे केले. ह्यांनी तुझी यादी पुन्हा लिहिली आहे, सोबत आहे.

मग ह्यांना चेष्टा सुचली. सगळं आवरल्यावर चकती स्वतःच्या छातीवर लावली आणि काचेतून भुवया उडवल्या, की बघ, हा कसा आहे.

मी हसणारच होते. पण कान लागलेलाच होता.

मुंगी नव्हती. शिट्टी होती. आत घेताना नाही, बाहेर सोडताना. प्रत्येक श्वासाला. माझी छाती असं बोलायची, सहा वर्षांपूर्वी, तेव्हा मी कोणाला सांगितलं नव्हतं.

मी खूण केली, पुन्हा लावा. त्यांनी लावली. पुन्हा तेच. मग आत बोलावलं, समोर बसवलं आणि जवळ तोंड नेऊन विचारलं, पाइप कुठे आहे?

वहीच्या खणात, म्हणाले. जिन्याच्या वरच्या वळणावर ओढायचे, संध्याकाळी, मला दूध आणायला जातो म्हणून सांगून. त्यासाठी एक लायटर खिशातच ठेवला होता. तो तुझ्या एकेचाळिसांत नाही, त्रेसष्टांतही नाही. आम्ही मिळून घेतलेला पहिला, बाजूला वाकणाऱ्या ज्योतीचा. मी ऐकलेला पहिला. कपाट झालं तेव्हापासून खिशातच असायचा म्हणून कोणी मोजला नाही.

मी म्हटलं, अहो, हा गळतो.

म्हणाले, लायटर?

मी त्यांच्या छातीवर बोट ठेवलं.

बत्तीस वर्षांत माझ्या 'गळतो'वर ते कधी भांडलेले नाहीत. दुकानदार भांडले, ते नाही. निमूट परत ठेवायचे. काल निमूट उठून तो खिशातला लायटर गॅलरीत नेला आणि रिकामा केला. आज सकाळी डॉक्टरांकडे गेले. वहिनींचा मुलगा बरोबर आहे, ऐकून मला सांगायला. काय निघतंय ते माहीत नाही. मला भीती वाटतेय. पण लवकर ऐकलंय, एवढं मला कळतं. माझं कोणी ऐकलं नव्हतं.

पाइप आणि लायटर सोबतच्या डब्यात आहेत. तुझ्याकडे ठेव, त्या दुसऱ्याशेजारी. लायटरला चिठ्ठी बांधली आहे, तुझ्या नियमाप्रमाणे. गॅलरी, दार बंद, नाकात नळी, मशीन चालू. त्या दिवसाचा तो चौथा होता.

क्रमांक बेचाळीस. रिकामा. ऐकणारी, मामी. पुढे खूण केली आहे. सरळ आहे, पट्टी लावून बघ.

मामी